पायी पारध : हरीण, धनुष्य आणि आपली नजर

नालासोपाऱ्याच्या भातेला तळ्याजवळ १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजी यांना एक फुटका शिलाखंड मिळाला. त्यावर ब्राह्मी लिपीत अशोकाच्या आठव्या गिरिलेखाचा काही भाग कोरलेला होता. आज तो मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात आहे. पुढे १९५६ मध्ये भुईगावला नवव्या लेखाचा तुकडा हाती आला. वसई-विरारच्या इतिहासावर लिहिणारा प्रत्येक जण या दोन दगडांचा उल्लेख करतो आणि लगेच सोपाऱ्याचे बंदर, बुरुड राजाच्या कोटातला स्तूप, त्यातल्या बुद्धमूर्ती यांच्याकडे वळतो. आठव्या लेखात म्हटले काय आहे, तिथे मात्र क्वचितच कोणी थांबते.

सोपाऱ्याचा दगड तुटका असल्याने संपूर्ण मजकूर गिरनार, कालसी, धौली इथल्या प्रतींवरून लावावा लागतो. त्याचा आशय असा : पूर्वीचे राजे विहारयात्रेला निघत, तिथे मृगया आणि तशाच दुसऱ्या करमणुकी चालत. प्रियदर्शी राजा मात्र अभिषेकाला दहा वर्षे झाल्यावर संबोधीला गेला आणि तेव्हापासून धर्मयात्रा सुरू झाली. तिच्यात ब्राह्मण-श्रमणांचे दर्शन, वृद्धांची भेट, सोन्याचे दान, जनपदातल्या लोकांशी बोलणे. राजाला याचाच आनंद अधिक वाटतो, असेही तो सांगतो. म्हणजे आपल्या गावच्या मातीत सापडलेल्या सर्वांत जुन्या लेखांपैकी एकाचा विषय शिकार सोडण्याचा आहे.

राजाने सोडली ती शिकार कोणती, हा माझा प्रश्न. चंद्रगुप्ताच्या दरबारी राहिलेल्या मेगॅस्थेनिसच्या आधाराने स्ट्रॅबोने राजाच्या शिकारीचे जे वर्णन दिले आहे, त्यात राजा कुंपण घातलेल्या जागेत उंचवट्यावरून बाण सोडतो, शेजारी दोन-तीन शस्त्रधारी स्त्रिया उभ्या असतात. आणि मोकळ्या रानात तो हत्तीवरून शिकार करतो. दोन्ही ठिकाणी राजाचे पाय जमिनीला लागलेले नाहीत. अशोकाने सोडली ती ही शिकार, वरून खाली केलेली. त्याच काळात सोपाऱ्याच्या पूर्वेला तुंगारेश्वरच्या डोंगरात कोणी तरी पायी, वाकून, पानाआडून भेकराच्या दिशेने बाण रोखून बसला असणारच. त्याच्याबद्दल दगड काही बोलत नाही. तसा पहिल्या गिरिलेखात हिशेब आहे : राजाच्या मुदपाकखान्यात पूर्वी रोज लाखो प्राणी मारले जात, आता फक्त तीन, दोन मोर आणि एक हरीण, आणि ते हरीणही नेमाने नाही. ते एक हरीण कोण मारून आणत असेल? १९५८ मध्ये अफगाणिस्तानात कंदाहारला अशोकाचा ग्रीक आणि अरेमाइक भाषांतला लेख मिळाला. त्यात राजाच्या शिकाऱ्यांनी आणि कोळ्यांनी आपला धंदा थांबवला, असे समाधानाने नोंदवले आहे. धंदा थांबवल्यावर ते काय खात होते, हे लिहिण्याची गरज लेख कोरणाऱ्याला वाटलेली नाही.

आपल्या वाङ्मयात आणि चित्रांत हरणाच्या दोन शिकारी आहेत. एक वरची : रथातून, घोड्यावरून, हत्तीवरून आणि नंतरच्या काळात मचाणावरून. दुसरी जमिनीवरची. आपल्या समीक्षेने हा भेद कधी नीट केलेला नाही. ‘मृगया’ या एका शब्दात सगळे कोंबले गेले. तो भेद केला तर ओळखीच्या कथा थोड्या वेगळ्या दिसू लागतात, असा माझा अनुभव आहे.

आधी जनावराविषयी. संस्कृत ‘मृग’ शब्दात बरेच प्राणी मावतात, आणि मराठीतही आपण काळविटाला सर्रास हरीण म्हणतो. प्राणिशास्त्राच्या दृष्टीने काळवीट, चिंकारा, चौसिंगा हे कुरंग. त्यांची शिंगे जन्मभर टिकतात. चितळ, सांबर, भेकर ही खरी हरणे. त्यांची शिंगे गळतात आणि पुन्हा येतात. शिकारीच्या दृष्टीने याहून महत्त्वाचा फरक राहण्याच्या जागेत आहे. काळवीट माळरानावरचा. त्याचा भरवसा डोळ्यांवर आणि पायांवर. भेकर आणि सांबर दाट झाडीतले. त्यांचा भरवसा नाकावर आणि कानांवर. माळावरच्या काळविटामागे रथ धावू शकतो. तुंगारेश्वरच्या उतारावर रथ सोडा, माणूसही धावला तर दहा पावलांत त्याचा आवाज सगळ्या रानाला कळतो.

शाकुंतलाच्या पहिल्या अंकात दुष्यंत रथातून ज्याचा पाठलाग करतो तो मृग कृष्णसार आहे, म्हणजे काळवीट. कालिदासाने नेमका प्राणी निवडला. मागे मान वळवून रथाकडे बघत पळणारा, अर्धवट चावलेले गवत तोंडातून सांडणारा तो मृग हजारभर वर्षे रसिकांना मोहवत आला आहे. ३१ ऑक्टोबर १८८० रोजी पुण्यात अण्णासाहेब किर्लोस्करांचे ‘संगीत शाकुंतल’ रंगभूमीवर आले, तेव्हा मराठी नाटकाच्या एका मोठ्या पर्वाची सुरुवातच या पाठलागाने झाली, असे म्हणायला हरकत नाही. हे वर्णन अप्रतिम आहे. पण ते शिकाऱ्याने पाहिलेले हरीण नव्हे. रथात बसलेल्या माणसाने पाहिलेले आहे. पळणारे हरीण म्हणजे ज्याला शिकाऱ्याचा सुगावा लागला आहे असे हरीण. पायी जाणाऱ्या तिरंदाजाच्या दृष्टीने तिथेच शिकार संपलेली असते.

दुसऱ्या अंकात सेनापती शिकारीची तरफदारी करतो. चरबी झडते, शरीर हलके होते, चालत्या लक्ष्यावर बाण लागतो, प्राण्यांच्या भीतीची आणि रागाची लक्षणे कळतात. लोक उगाच तिला व्यसन म्हणतात. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात द्यूत आणि मृगया यांत वाईट कोणते, या वादात जवळजवळ हेच मुद्दे येतात आणि कौटिल्य मृगयेच्या बाजूने कौल देतो. मनूने मात्र कामातून उपजणाऱ्या दहा व्यसनांत मृगयेला पहिले स्थान दिले आहे. वाद कोणत्याही बाजूने सुटो, तो सगळा राजाच्या तब्येतीविषयी आहे. भुकेचा विषय त्यात कुठेच नाही.

आता जमिनीवरच्या शिकारीच्या कथा घेऊ. त्या आपल्याला तोंडपाठ आहेत, फक्त एका ओळीत मांडून पाहिलेल्या नाहीत.

राम मारीचामागे पायी जातो. दशरथ रथ घेऊन निघाला तरी बाण सोडताना तो शरयूच्या काठी अंधारात, पाण्यावर येणाऱ्या श्वापदाची वाट बघत असतो. घड्याचा बुडबुड आवाज त्याला हत्तीचा वाटतो आणि मुनिकुमार मरतो. त्यालाच आपण श्रावणबाळ म्हणतो. जरा नावाचा व्याध झाडीत पडलेल्या कृष्णाचे पाऊल पाहतो, त्याला हरीण वाटते, बाण तळव्यात रुततो. जातककथांतला पिळियक्ख राजा पाणवठ्याजवळ हरणांच्या पावलांच्या खुणा पाहून फांद्यांच्या आडोशाला विषारी बाण लावून बसतो. पाण्याला आलेला साम नावाचा तरुण हरणांच्या घोळक्यात निर्धास्त चालताना पाहून तो चक्रावतो आणि ‘हा आहे तरी कोण’ हे कळावे म्हणून बाण मारतो. अजिंठ्याच्या दहाव्या लेण्यात ही कथा रंगवलेली आहे. त्याच लेण्यात छद्दंत जातक आहे. तिथे सावज हत्ती आहे, पण शिकारी सोनुत्तर तर जमिनीच्याही खाली, खड्ड्यात दडून वर बाण मारतो.

या सगळ्या कथांत अनर्थ आहे. राम हरणामागे जातो आणि सीता जाते. दशरथाला शाप मिळतो. जरेच्या बाणाने एक युग संपते. उलट रथातून शिकारीला निघालेल्या दुष्यंताला शकुंतला भेटते. वरून केलेल्या शिकारीला आपल्या कथाकारांनी विलास मानले. जमिनीवरून केलेल्या शिकारीवर चूक आणि शाप लादले. त्यात वर्गभेद आहे, हे म्हणणे सोपे आहे आणि काही अंशी खरेही. पण तेवढ्यावर थांबलो तर कथांमधले खरे ज्ञान हातचे जाते.

या चुका कुठे होतात ते पाहा. संध्याकाळी किंवा रात्री, पाणवठ्यावर, आवाजावरून. पानांच्या फटीतून दिसलेल्या शरीराच्या एका तुकड्यावरून. सावज दिसते, नाहीसे होते, पुन्हा दिसते त्या क्षणी. पायी तिरंदाजी करणारा खरोखर याच ठिकाणी चुकतो. धनुष्याचा पल्ला लहान असतो. साध्या बांबूच्या धनुष्याने भरवशाचा नेम वीस-पंचवीस पावलांतला. तेवढ्या जवळ जायचे किंवा तेवढ्या जवळ येऊ द्यायचे, तर स्वतःला झाडीत बुडवून घ्यावे लागते. झाडीत बुडालेल्या माणसाला मग झाडीपलीकडचे अर्धेच दिसते. अख्खे हरीण दिसण्याची वाट पाहिली तर ते निघून जाते. अर्ध्यावर भरवसा ठेवला तर ते पाऊल कृष्णाचे निघू शकते. रथातल्या राजाला हा पेच पडत नाही, कारण त्याच्यासमोर पळणारे अख्खे जनावर असते. म्हणून मला वाटते, या कथा रचणाऱ्यांना किंवा त्यांना त्या सांगणाऱ्यांना पायी पारधीची आतून माहिती होती. शाप नंतर चिकटले असतील, चुकीची जागा मात्र अचूक आहे.

वाल्मीकींच्या अरण्यकांडात याचा उत्तम पुरावा आहे. राम मारीचाला धावून गाठत नाही. तो थकतो, सावलीत गवतावर टेकतो. हरीण पुन्हा इतर हरणांत दिसते, पुन्हा दडते, आणि मग तो बाण सोडतो. टेकणे हा त्या शिकारीतला खरा भाग. ‘गीतरामायणा’तून सीतेचा हट्ट घरोघरी पोचला, पण ही विश्रांती पोचली नाही. आणखी एक गोष्ट आपण सहसा वगळतो. मारीच मेल्यावर राम परत फिरताना दुसरे एक हरीण मारतो, त्याचे मांस घेतो आणि घाईने जनस्थानाकडे निघतो. मी ऐकलेल्या कोणत्याही कीर्तनात हे आले नाही. कथेच्या दृष्टीने ते सगळ्यात हृदयद्रावक वाक्य आहे : घरी काय घडले हे त्या माणसाला अजून कळलेले नाही, आणि तो जेवणाची सोय करतो आहे.

हरीण न मारण्याचेही दोन प्रसंग सांगायला हवेत. रघुवंशाच्या नवव्या सर्गात दशरथ एका मृगावर नेम धरतो. त्याची मादी मध्ये येऊन उभी राहते आणि कानापर्यंत ओढलेला बाण राजा उतरवतो. दुसरा प्रसंग महाभारतातल्या पांडूचा. त्याने मैथुनात असलेली हरणांची जोडी मारली. हरणाच्या रूपातला किंदम ऋषी मरताना त्याला शाप देतो. पांडू वाद घालतो, अगस्त्याचा दाखला देतो. किंदमाचे उत्तर मला फार मोलाचे वाटते. हरीण मारले याबद्दल त्याची तक्रार नाही. या वेळी मारले याबद्दल आहे. आधुनिक शिकार कायद्यांत विणीच्या हंगामात शिकार बंद ठेवण्याची जी तरतूद असते, तिचा गाभा हाच.

आता रानातले काही. वसई पूर्वेच्या पाड्यांवर वयस्कर मंडळींशी बोलताना शिकारीचा विषय काढला तर सुरुवातीला कोणी बोलत नाही, आणि ते बरोबरच आहे. बोलले तरी ते बाणाबद्दल कमी आणि वाऱ्याबद्दल जास्त बोलतात. आपल्या किनारपट्टीवर पावसाळा सरल्यावर दिवसा वारा समुद्राकडून डोंगराकडे वाहतो आणि रात्री डोंगराकडून समुद्राकडे. म्हणजे दुपारी तुंगारेश्वरच्या पायथ्याशी बसणाऱ्याने सावजाच्या पूर्वेला बसायला हवे आणि पहाटे पश्चिमेला. मधल्या संध्याकाळच्या वेळी वारा पडतो, घुटमळतो, कुठूनही येतो, आणि नेमकी तीच हरणे बाहेर पडण्याची वेळ. ज्या माणसाला हे ठाऊक नाही त्याच्या हाती कितीही चांगला तीरकमठा दिला तरी उपयोग नाही. हरणाला लाल-नारिंगी रंग आपल्यासारखे वेगळे दिसत नाहीत. हालचाल मात्र फार लवकर दिसते. म्हणून कपड्यांपेक्षा मान न हलवणे महत्त्वाचे. धनुष्य ओढण्याची क्रिया हीच सर्वांत मोठी हालचाल, आणि ती हरणाची मान झाडाआड असेल किंवा खाली चरत असेल तेव्हाच करायची. दोरीचा आवाज बाणाच्या आधी पोचतो. सावध हरीण त्या आवाजाने दबते आणि बाण पाठीवरून जातो.

आणि बाण लागला तरी हरीण पडत नाही. गोळी धक्क्यानेही मारते, बाण रक्तस्रावाने. हरीण पळते. अनुभवी शिकारी तेव्हा मागे धावत नाही, बसून राहतो. पाठलाग झाला नाही तर घायाळ जनावर जवळच कुठे तरी बसते. मग रक्ताचे थेंब, उलटलेले पान, खुरांची खोल खूण यांवरून माग काढायचा. पायी पारधीचा निम्मा वेळ बाणाच्या आधी बसण्यात जातो आणि उरलेल्यातला बराच बाणानंतर बसण्यात. धनुष्य ओढलेले असते ते काही क्षण. आपल्या कवींनी, चित्रकारांनी आणि नंतर छायाचित्रकारांनी तेवढेच क्षण उचलले.

याच ज्ञानाची एक टोकाची पद्धत पारध्यांकडे होती. रसेल आणि हिरालाल यांनी १९१६ साली मध्य प्रांताच्या जातिजमातींवर जे ग्रंथ प्रसिद्ध केले, त्यांत बैलाच्या आडोशाने शिकार करणाऱ्या गायके पारध्यांची नोंद आहे. जनावर चरत चरत पुढे सरकते, माणूस त्याच्या पायांशी पाय जुळवून चालतो. हरणाला चार पायांचे ओळखीचे जनावर दिसते, सहा पाय मोजण्याचे त्याला कारण नसते. मोकळ्या माळावर, जिथे झाडी नाही, तिथे माणसाने चालती झाडी तयार केली. कलेच्या भाषेत बोलायचे तर हा अभिनय आहे. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याच्या छायेत पारध्यांच्या अनेक शाखा ‘जन्मजात गुन्हेगार’ ठरल्या, त्या १९५२ पर्यंत. लपून चालण्याचे ते कसब मग पोलिसी कागदांत चोरीचे लक्षण झाले.

मराठीतल्या शिकारकथांकडे यानंतर पाहिले की एक पोकळी जाणवते. आपले शिकारवाङ्मय प्रामुख्याने बंदुकीचे आहे. मचाण, बांधलेला रेडा, टॉर्च, आणि हाका घालणारी माणसे. हे हाकारे बहुतेक वेळा बिननावाचे असतात. कातकरी, वारली, गोंड, भिल्ल एवढाच परिचय. रानाची भाषा त्यांच्याकडून आली, नेम साहेबाचा किंवा लेखकाचा. व्यंकटेश माडगूळकर आणि मारुती चितमपल्ली यांनी यात मोठा फरक केला, कारण दोघांनाही बसून पाहण्याचे मोल कळले होते. माडगूळकरांच्या ‘नागझिरा’सारख्या लेखनात बंदूक खाली ठेवलेला माणूस बोलतो, आणि चितमपल्लींकडे आदिवासींचे शब्द लेखनाचा कणा होतात. तरीही तीरकमठा घेऊन बसलेल्या माणसाच्या डोळ्यांनी लिहिलेले एखादे मराठी पुस्तक मी शोधतो आहे.

लेखनात नसलेले ते चित्रांत आहे का? वारली चित्राकडे वळायला हवे. त्याचे मूळ घरच्या भिंतीवर सवाशिणींनी तांदळाच्या पिठाने काढलेल्या लग्नचौकात आणि त्यातल्या पालघाट देवीत. १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला भास्कर कुलकर्णींनी ही चित्रे बाहेर आणली, जिव्या सोमा मशे यांनी तिला कागद-कॅनव्हासवर नेले; त्यांना २०११ मध्ये पद्मश्री मिळाली, २०१८ मध्ये ते गेले. डहाणू-तलासरीची ती रेषा आज आमच्या वसई-विरारमध्ये सोसायट्यांच्या कुंपणांवर, हॉटेलांत, शाळांच्या भिंतींवर आहे, आणि तिच्यात धनुष्य ओढलेला शिकारी हमखास असतो.

यातल्या बहुसंख्य भिंती मला शिकारीचे चित्र म्हणून खोट्या वाटतात. सांगतो का. हरणे एका रांगेत, एकाच दिशेने पळतात. त्यांच्यामागे दोन त्रिकोणांचा माणूस धनुष्य ताणून धावतो. मध्ये मोकळी गेरूची जागा. हा दुष्यंताचा रथ झाला, फक्त रथ काढून घेतलेला. काढणाऱ्याने शाकुंतल वाचले असेल असे नाही. पण धावणे म्हणजेच शिकार, ही नजर शाळेच्या पुस्तकांतून, कॅलेंडरांतून सगळ्यांच्या अंगात मुरलेली आहे. चांगल्या वारली चित्रात झाड मोठे असते, पानापानाने भरलेले, आणि माणूस, हरीण, पक्षी त्या झाडाच्या मापाने लहान. क्षितिजाची रेघ नसते, जवळचे-लांबचे नसते. माणसाचे धड आणि जनावराचे धड एकाच त्रिकोणाच्या घडणीचे. अशा चित्रात शिकारी शोधावा लागतो. नजर आधी पानांत फिरते, मग कुठे तरी एक वाकलेली रेष दिसते, ती फांदी नसून धनुष्य आहे हे उशिरा कळते. प्रेक्षकालाही तेवढा वेळ बसावे लागते. वारली शिकारचित्र पारखण्याची माझी कसोटी साधी आहे : शिकारी पहिल्या नजरेत दिसला तर चित्र भिंत सजवण्यासाठी आहे.

यावर कोणी म्हणेल, शिकार बंद झाल्यावर शिकारीचे चित्र अचूक हवे कशाला? १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने आणि त्याच्या १९९१ च्या दुरुस्तीने परवान्याची शिकारही संपली. २००६ च्या वनहक्क कायद्यात पारंपरिक हक्कांची लांब यादी आहे, त्यातून शिकार नावानिशी वगळली आहे. तुंगारेश्वर २००३ मध्ये अभयारण्य झाले. सुमारे ८५ चौरस किलोमीटरचे ते रान एका बाजूला महामार्ग आणि पलीकडे गर्दीची शहरे यांच्यामध्ये अडकलेले आहे. तिथे आज कोणी धनुष्य घेऊन भेकरामागे जाऊ नये, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. इतक्या लहान रानाला ते परवडणारे नाही, आणि बिबट्याचे तोंडचे काढून घेऊन वर त्याने वस्तीत येऊ नये अशी अपेक्षा ठेवता येत नाही. पण बंदीचा भार कोणावर किती पडला, हे वेगळे मोजले पाहिजे. ज्यांनी मचाणावरून, जीपमधून रान रिकामे केले त्यांच्या भिंतींवर शिंगे टांगलेली राहिली. ज्याच्याकडे वीस पावलांचा पल्ला होता त्याच्याकडून धनुष्याबरोबर वारा ओळखण्याची विद्याही गेली. आणि त्याच्या हातातले धनुष्य आता शहराच्या भिंतीवर शोभेला आहे.

अमेरिकेत हे उलटे घडले, म्हणून त्याची तुलना करावीशी वाटते. १९११ साली कॅलिफोर्नियात याही जमातीचा शेवटचा माणूस रानातून बाहेर आला. त्याला इशी म्हणतात. त्याच्यावर उपचार करणारे डॉक्टर सॅक्सटन पोप त्याच्याकडून धनुष्य करायला आणि हरणाजवळ जायला शिकले. इशी शिकारीआधी मासे खात नसे, तंबाखू ओढत नसे, कारण वास. दुमडलेल्या पानाने तो पाडसासारखा आवाज काढी. तो १९१६ मध्ये गेला. पोप यांचे तिरंदाजी शिकारीवरचे पुस्तक १९२३ मध्ये आले आणि शहरी गोऱ्या माणसांत ही विद्या छंद म्हणून पसरली. १९३४ मध्ये विस्कॉन्सिन राज्याने केवळ धनुष्यासाठी हरणशिकारीचा वेगळा हंगाम दिला. आज तिथे याची मोठी बाजारपेठ आहे, बरेच जण झाडावर बसायची खुर्ची बांधून वरून बाण मारतात, आणि जमिनीवरून मारणे अधिक कठीण म्हणून त्याची वेगळी प्रतिष्ठा आहे. तिथे विद्या टिकली, तिचे लोक गेले. इथे लोक आहेत, पाड्यांवर आहेत, नगरपालिकेच्या मतदारयादीत आहेत. विद्या त्यांच्या म्हाताऱ्यांबरोबर चालली आहे. दोन्हींतले बरे कोणते, हे मला ठरवता येत नाही. पण इथे अजून विचारता येते. के. जे. सावे यांनी १९४५ साली वारल्यांवर पुस्तक लिहिले, गोदावरी परुळेकरांनी त्यांच्या वेठबिगारीचा आणि उठावाचा इतिहास लिहिला. रानातल्या बसण्याचे, वाऱ्याचे, मागाचे शब्द वारली बोलीत आणि कातकरी बोलीत गोळा करायला बंदुकीचा किंवा धनुष्याचा परवाना लागत नाही. अभयारण्यात प्राणिगणनेला, वनमार्गदर्शकांच्या प्रशिक्षणाला हेच शब्द लागतात. भेकर भुंकले ते माणसाला पाहून की बिबट्याला, हे सांगू शकणारा माणूस वनविभागाला आज हवाच आहे.

पायी पारधीचे आपल्याकडचे सर्वांत चांगले चित्र कोणते, असे मला विचारले तर मी अजिंठ्याचे नाव घेणार नाही. ते आकाशात आहे. मृगशीर्ष : चार तारे म्हणजे हरणाचे पाय, पोटात ओळीने तीन तारे म्हणजे रुतलेला बाण, आणि बऱ्याच अंतरावर एकटा, झगझगीत व्याध. ऐतरेय ब्राह्मणात ही कथा प्रजापतीची आणि रुद्राची आहे. टिळकांनी १८९३ च्या ‘ओरायन’मध्ये तिच्यावरून वेदांचा काळ काढण्याचा प्रयत्न केला. त्या गणिताचे काय व्हायचे ते होवो. मला त्या चित्रातले अंतर महत्त्वाचे वाटते. बाण लागून गेला आहे, हरीण अजून पडलेले नाही, आणि व्याध त्याच्यामागे धावत नाही. आमच्याकडे अर्नाळ्याच्या किनाऱ्यावर हिवाळ्यात, गावातले दिवे पाठीशी ठेवले, तर रात्री नऊनंतर ते सगळे स्पष्ट दिसते.